मुलाची फाईल आहे, मुलाचा वकील कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

दर नोव्हेंबरला देशात दत्तक जनजागृतीचा महिना असतो, २०२४ ला तर त्याचा विषयच मोठ्या मुलांची फॉस्टर केअर हा होता, आणि तेव्हापासून बघतोय की सगळ्याच पेपरांत अधूनमधून फॉस्टर पालकांवर काही ना काही येत असतं. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक लेखात पालक कसे असावेत, त्यांचं वय किती, घर केवढं, त्यांना मानसिक तयारी कशी करावी लागते हेच असतं, आणि ज्याला त्या घरात जाऊन राहायचंय तो पोरगा फक्त फोटोत असतो, तोही पाठमोरा. चेहरा दाखवू नये हे बरोबरच आहे, बाल न्याय कायद्यातच आहे तसं, कलम ७४. पण चेहरा दाखवायचा नाही म्हणून त्याचं म्हणणंही छापायचं नाही असं काही कायद्यात लिहिलेलं नाही.

मी संस्थेत वाढलोय, आता पंचविशी ओलांडली, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत आहे आणि सिडकोत भाड्याने राहतो. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहितोय ते स्वतः वाचून आणि लॉ करणाऱ्या मित्राला विचारून खात्री करून लिहितोय, त्याने दोन ठिकाणी मला खोडूनही काढलं. पत्र लांब झालंय, कात्री लावायची तर माझ्या गोष्टीला लावा, कलमांना लावू नका.

आधी थोडक्यात सांगतो कारण आमच्या कंपनीतसुद्धा लोक दत्तक आणि फॉस्टर एकच समजतात. दत्तक म्हणजे मूल कायमचं तुमचं, नाव तुमचं, वारसा तुमचा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती ऑर्डर कोर्टाऐवजी कलेक्टर देतात. फॉस्टर म्हणजे मूल काही काळ तुमच्या घरी वाढतं, त्याचे खरे आईवडील कुठेतरी असतात किंवा नसतात, आणि ते मूल अजूनही बालकल्याण समितीच्या, म्हणजे सगळे ज्याला कमिटी म्हणतात तिच्या देखरेखीखाली असतं. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४४. ज्या मुलाला दत्तक देता येईल असं कमिटीला वाटतं त्याला लांब मुदतीच्या फॉस्टरमध्ये द्यायचं नाही असंही त्यात आहे. २०२४ च्या नवीन गाइडलाइन्सनी एकट्या माणसाला पण फॉस्टर पालक होता येईल असं केलं, वय ३५ ते ६०, आणि दोन वर्षं नीट गेली तर त्याच मुलाला दत्तक घेता येतं, आधी हे पाच वर्षं होतं. आपल्या महाराष्ट्रात लोकांना जास्त माहितीय ती बालसंगोपन योजना, आता सावित्रीबाईंच्या नावाने आहे, तिचे आधी महिना ४२५ रुपये होते मग ११०० झाले आणि २०२३ मध्ये २२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून फॉस्टरला आणि स्पॉन्सरशिपला महिना ४००० आहेत. पैशांचं एवढंच, कारण मला लिहायचंय ते वेगळंच आहे.

मला लिहायचंय त्या खोलीबद्दल जिथे हे सगळं ठरतं. कमिटीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांना फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात, म्हणजे ती काही चहा पिऊन उठायची मीटिंग नाही, ते कोर्टच आहे. मूल सापडलं की चोवीस तासांत तिथे हजर करावं लागतं. मग पंधरा दिवसांत चौकशी अहवाल आणि चार महिन्यांत शेवटची ऑर्डर, असं कायद्यात आहे. त्या ऑर्डरने ठरतं की हा पोरगा आईकडे परत जाणार, की मामाकडे, की संस्थेत, की अनोळखी माणसांच्या घरी. आता तिथे कोण कोण असतं बघा. पोलीस असतात, संस्थेचं कुणीतरी असतं, प्रोबेशन ऑफिसर असतात, बाल संरक्षण कक्षाचे लोक असतात, कधी आई असते आणि ती रडत असते. सगळे मुलाबद्दल बोलतात. मुलाच्या बाजूने, फक्त मुलाच्या बाजूने बोलायला जो पगारी किंवा बिनपगारी माणूस पाहिजे तो नसतो.

मी त्या खोलीत उभा राहिलोय म्हणून सांगतो. आमची आई धुणीभांडी करायची, वडील गेल्यावर तिला दोघांना सांभाळणं झेपेना, मी नऊ वर्षांचा आणि बहीण सहाची. नातेवाईकांनी सांगितलं संस्थेत टाक, शिकतील तरी. आम्हाला समोर उभं केलं तेव्हा एका मॅडमनी विचारलं, संस्थेत राहशील ना, शाळा आहे, खेळायला आहे. मी हो म्हटलं. नऊ वर्षांचं पोर पाच मोठ्या माणसांसमोर दुसरं काय म्हणणार? मॅडम चांगल्या होत्या, माझा त्यांच्यावर राग नाही. पण मुलांची संस्था वेगळी आणि मुलींची वेगळी, त्यामुळे त्या एका हो मुळे बहीण दुसऱ्या गावाला गेली आणि मला हे तिथून बाहेर पडल्यावर कळलं. तेव्हा २००० चा जुना कायदा होता, त्यातसुद्धा फॉस्टर होतं, स्पॉन्सरशिप होती, सगळं होतं. स्पॉन्सरशिप म्हणजे आईलाच दरमहा पैसे द्यायचे म्हणजे मुलं घरीच राहतील. त्या दिवशी तिथे एक वकील असता आणि त्याने नुसतं विचारलं असतं की साहेब ह्या बाईला स्पॉन्सरशिप का देत नाही, आणि नसेल जमत तर दोघं भावंडं एका घरात राहतील असं घर शोधलं का, तरी खूप झालं असतं. कदाचित उत्तर नाहीच आलं असतं. पण प्रश्न कागदावर आला असता आणि कागदावर आलेल्या प्रश्नाला सरकारी ऑफिसात काहीतरी उत्तर लिहावंच लागतं, हे कंपनीत ऑडिट बघून मला समजलंय.

आताच्या कायद्यात तर भावंडांबद्दल स्पष्टच लिहिलंय, फॉस्टरमध्ये भावंडांना एकत्र ठेवायचा सगळा प्रयत्न करायचा, त्यांच्या हिताचं नसेल तरच वेगळं करायचं. संस्थेत टाकणं हा शेवटचा उपाय हे कलम ३ मध्ये आहे. मुलाला स्वतःचं म्हणणं मांडायचा हक्क आहे हेही तिथंच. त्याच्याही आधी युनोच्या बालहक्क करारात कलम १२ आहे, मुलाला स्वतःबद्दलच्या प्रत्येक बाबतीत मत मांडायचा हक्क, भारताने तो करार १९९२ मध्येच मान्य केलाय. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून माझं ऐकायचं ठरलं होतं!

आणि वकिलाचं म्हणाल तर पैसे नाहीत हे कारण चालणारच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, त्यात फुकट वकील कुणाला मिळतो त्या यादीत बाई आणि मूल हे सरसकट आहेत, उत्पन्नाची अट नाही, दाखला नाही. सीबीएसजवळ जिल्हा कोर्ट आहे, जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅनलवरचे वकील असतात. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, २०१५ ची वेगळी योजनाच आहे मुलांना कायदेशीर सेवा द्यायची. आणि कमिटीच्या कामांची जी यादी कलम ३० मध्ये आहे तिच्यात मुलाला योग्य कायदेशीर सेवा मिळवून देणं हेही एक काम आहे. सगळं आहे. फक्त मुलाला कुणी सांगत नाही की तुला वकील मिळतो, आणि मुलाने मागितला नाही म्हणून द्यायचा नाही असं चाललंय, आता सहा वर्षांची पोरगी अर्ज करणार आहे का विधी सेवेकडे?

अपिलाचं तर त्याहून भारी आहे. कमिटीच्या ऑर्डरवर तीस दिवसांत अपील करता येतं, बाल न्यायालयात, आणि फॉस्टर नाहीतर स्पॉन्सरशिपची ऑर्डर असेल तर कलेक्टरकडे. कलम २७ मध्ये तर असंही आहे की कमिटीच्या कामाबद्दल ज्या मुलाला त्रास झालाय ते मूल स्वतः किंवा त्याच्याशी संबंधित कुणीही कलेक्टरकडे तक्रार करू शकतं. वाचून मी हसलो. आमच्या संस्थेत मुलाच्या हातात स्वतःची ऑर्डर कधी पडलीच नाही, ती ऑफिसच्या कपाटात. तीस दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले ते त्या पोराला अठरा झाल्यावर फाईल बघायला मिळाली तर कळणार.

कुणी म्हणेल वकील आला की भांडणं वाढतात, तारखा पडतात. थोडंफार खरं आहे. आणि नुसतं कागदोपत्री वकील देऊन काही होत नाही हेही खरं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात फॉस्टरमधल्या मुलांच्या वतीने केस झाली होती, २००५ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने सांगितलं की ह्या मुलांना चांगला वकील मिळायचा हक्क आहे, कारण अटलांटा जिथे आहे त्या फुल्टन काउंटीत मुलांच्या एकेका वकिलाकडे चारशेच्या वर मुलं होती. चारशे मुलांची नावं पाठ होतील का त्या माणसाला? तेव्हा आपल्याकडे करायचं तर थोड्या वकिलांना थोड्या केसेस द्या, पण तो वकील मुलाला आधी एकदा तरी भेटला पाहिजे, त्याच्या शाळेत नाहीतर संस्थेत, तारखेच्या दिवशी व्हरांड्यात उभ्या उभ्या नाही.

आता दुसरा मुद्दा, जो मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्यावर लोक सगळ्यात जास्त हसतील. त्या वकिलाच्या बरोबर आमच्यासारखा एक जण पाहिजे. म्हणजे संस्थेत किंवा फॉस्टर घरात वाढलेला, अठरा ते तीस मधला, ट्रेनिंग दिलेला, पोलीस व्हेरिफिकेशन झालेला ताई किंवा दादा.

का ते सांगतो. कलम ४४ प्रमाणे फॉस्टर घराची तपासणी दर महिन्याला व्हायला पाहिजे. समजा झाली. मॅडम येतात, सोफ्यावर बसतात, पोहे येतात, मुलाला विचारतात कसा आहेस, खूश आहेस ना, काही त्रास नाही ना. काकू दारात उभ्या आहेत. पोरगा म्हणतो नाही त्रास. फॉर्म भरला, संपलं. आमच्यापैकी कुणी गेला तर तो असं विचारणारच नाही. तो विचारेल तुझं दप्तर कुठे ठेवतोस, दाखव. कपाटात तुझा कप्पा आहे का. रात्री पोट दुखलं तर कुणाला उठवतोस. घरात पाहुणे आले की तुला काय म्हणून ओळख करून देतात. काकूंचा मुलगा आणि तू भांडलात तर आधी कुणाला ओरडतात. सगळ्यात शेवटी जेवायला कोण बसतं. फोनवर आईशी बोलताना खोलीत कोण असतं. ह्यातल्या एकाही प्रश्नात त्रास हा शब्द नाही आणि ह्याच उत्तरांतून पाच मिनिटांत कळतं की पोरगं घरात आहे की घरकामाला आहे. हे प्रश्न कुठल्या पुस्तकात नाहीत, आम्ही ते जगलोय.

आणि चांगली घरं पण अशीच कळतात, हे पण लिहा. माझा एक संस्थेतला मित्र तेरा वर्षांचा असताना एका कुटुंबाकडे गेला, त्या मावशींनी पहिल्या आठवड्यात त्याला घराची किल्ली दिली. तो आजही दिवाळीला तिथेच जातो. किल्लीची गोष्ट त्याने कुठल्याच ऑफिसरला सांगितली नव्हती कारण कुणी किल्लीबद्दल विचारलंच नाही.

पोरांनी काय होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी १ टक्क्याची गोष्ट आठवावी. महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण २०१८ मध्ये मिळालं. ते कुठल्या मोठ्या मोर्चामुळे मिळालं नाही. अमृता करवंदे ही गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली मुलगी, पुण्यात राहून एमपीएससी दिली, मार्क चांगले पण कॅटेगरीच नाही म्हणून लिस्टमध्ये नाव नाही, ती थेट तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस साहेबांना जाऊन भेटली आणि प्रश्न मांडला. बाकीच्या सगळ्या हुशार लोकांना तो प्रश्न इतकी वर्षं दिसलाच नव्हता कारण त्यांच्या घरी कुणाकडे तरी जातीचा दाखला होताच. मला स्वतःला त्याचा फायदा नाही, माझी आई आहे, देवाच्या कृपेने अजून आहे, म्हणून मला अनाथ प्रमाणपत्र नाही. संस्थांमधली बरीच मुलं अशीच आहेत, अनाथ नाहीत, गरीब आहेत. त्यांच्यासाठी बोलायला अजून कुणी अमृता उभी राहिलेली नाही.

बाहेरच्या देशांत हे संघटना करून करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९८८ पासून फॉस्टरमधल्या आणि फॉस्टरमधून बाहेर पडलेल्या तरुणांची स्वतःची संघटना आहे, कॅलिफोर्निया युथ कनेक्शन, ती पोरं तिथल्या विधानसभेत जाऊन आमदारांना भेटतात, बिलावर बोलतात. तिथे २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१२ पासून अठराऐवजी एकवीसपर्यंत फॉस्टरची मदत मिळायला लागली. २०१४ च्या त्यांच्या फेडरल कायद्याने चौदा वर्षांवरच्या मुलाला आपल्या केसचा प्लॅन करणाऱ्या टीममध्ये स्वतःच्या पसंतीची दोन माणसं घेता येतात. दोन माणसं, पोराच्या पसंतीची! मला तेव्हा विचारलं असतं तर मी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना घेतलं असतं, त्यांना माझ्याबद्दल अधीक्षकांपेक्षा जास्त माहिती होती. स्कॉटलंडमध्ये सरकारने पूर्ण व्यवस्थेचा आढावा घेतला, २०२० मध्ये रिपोर्ट आला, तो पाच हजारांवर लोकांचे अनुभव ऐकून केला आणि त्यात निम्म्याहून जास्त ही व्यवस्था अनुभवलेली मुलं आणि तरुण होते. तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही, जॉर्जियाचं वर लिहिलंच आहे. पण पोरांना खुर्ची दिली म्हणून तिथलं सरकार कोसळलं नाही.

आपल्या कायद्यातही त्याचं बी आहे. कलम ५३ मध्ये लिहिलंय की सहा वर्षांवरची मुलं असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांची समिती पाहिजे. आमच्याकडे होती. म्हणजे रजिस्टर होतं. तपासणी यायची असली की आदल्या दिवशी सगळ्यांच्या सह्या घेऊन तीन चार मीटिंगा एकदम व्हायच्या, मी एकदा सेक्रेटरी होतो असं मला सही करताना कळलं. संस्थेचं नाव घेत नाही, घ्यायची गरज नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. माझं म्हणणं एवढंच की ही मुलांची समिती बाहेरून आलेल्या मोठ्या ताईदादांनी चालवायला मदत केली तर ती खरी चालेल, कारण त्यांना अधीक्षकांची भीती नसते. आणि फॉस्टर घरातल्या मुलांची तर रजिस्टरमधलीसुद्धा समिती नाही, तो एकटा असतो एका घरात, त्याला स्वतःसारखा दुसरा कुणी भेटतच नाही. महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या फॉस्टरच्या मुलांना एकत्र भेटू द्या, नुसतं क्रिकेट खेळू द्या, बोलणं आपोआप होईल.

ह्यावर आक्षेप काय येणार ते मला माहितीय. एक, गोपनीयता. तर ट्रेनिंग द्या, लिहून घ्या, मोडलं तर कलम ७४ खाली कारवाई करा, वकिलाला आणि ऑफिसरला जो नियम तोच आम्हाला. दोन, ही पोरं मुलांना भडकवतील. हा आक्षेप जेव्हा जेव्हा येतो तेव्हा मला वाटतं म्हणजे भडकण्यासारखं काहीतरी आहे हे तुम्हालाच माहितीय. तीन, अहो ही स्वतःच अजून सावरलेली नाहीत. ह्या तिसऱ्यात तथ्य आहे, काहींना ते काम झेपणार नाही, जुनं सगळं वर येतं. म्हणून निवड नीट करा, काउन्सिलर द्या, आणि महत्त्वाचं म्हणजे मानधन द्या. समाजसेवा म्हणून फुकट राबवू नका, आम्ही लहानपणी देणगीदार आल्यावर स्वागतगीत फुकट गायलोय, ते पुरे झालं.

निर्णय आम्ही घेणार नाही. निर्णय कमिटीचाच. आम्ही फक्त मुलाजवळ बसणार, त्याला समजेल अशा भाषेत सांगणार की आत काय चाललंय, आणि तो जे म्हणेल ते वकिलाला सांगणार.

भाषेचं मुद्दाम लिहितो कारण नाशिकमध्ये बसून ते विसरायला होतं. आपल्या जिल्ह्यातून कमिटीसमोर येणारी सगळी मुलं कॉलेज रोडचं मराठी बोलत नाहीत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकची मुलं घरी कोकणा बोलतात, इगतपुरीकडची कातकरी. त्यांचे आईवडील निफाड दिंडोरीला द्राक्षाच्या बागांत कामाला जातात आणि मुलं कधी बरोबर असतात कधी मागे राहतात. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना मेंढ्या वळायला दुसऱ्यांकडे दिल्याचं प्रकरण बाहेर आलं, एक लहान मुलगी गेली त्यात, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. अशा मुलाला समोर उभं करून तुझं मत काय बाळ असं शुद्ध मराठीत विचारलं तर ते मान हलवतं, आणि फाईलमध्ये लिहिलं जातं की मुलाची संमती आहे. पेठचाच एखादा मोठा मुलगा, आश्रमशाळेत नाहीतर संस्थेत शिकून आलेला, शेजारी बसला तर त्या मान हलवण्याचा अर्थ हो आहे की भीती आहे ते तो सांगेल.

आणि आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. रस्ते, घाट, पार्किंग सगळ्याच्या बातम्या आपण वाचतोय. कुंभात मुलं हरवतात, हे सगळ्यांना माहितीय, पण काही हरवत नाहीत, सोडली जातात, हे कमी बोललं जातं. गर्दी ओसरली की जी मुलं न्यायला कुणीच येत नाही ती इथेच राहणार, आणि ती कुठल्या कुठल्या राज्यांतली असणार, मराठी येणारच नाही त्यांना. ती सगळी आपल्याच कमिटीसमोर येणार, चोवीस तासांच्या आत. मुलांच्या हेल्पलाइनचे, १०९८ चे स्टॉल लागतील, फोटो येतील. त्या मुलांसाठी वकिलांची यादी आणि ताईदादांची यादी आत्ताच, ट्रेनिंगसकट तयार पाहिजे, पर्वणीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप करून होत नाही ते.

अठराचं थोडक्यात लिहितो, त्यावर वेगळं पत्र होईल. अठरा झाले की बाहेर. कायद्यात आफ्टरकेअर, म्हणजे बाहेर पडल्यावरची मदत, आहे, एकवीसपर्यंत, खास कारण असेल तर तेवीसपर्यंत, वात्सल्यमधून महिना ४०००. ज्यांना कुणी सांगितलं त्यांना मिळालं. मला बाहेर पडताना एक पिशवी, दहावीचं मार्कलिस्ट आणि आशीर्वाद मिळाले. आधारवर पत्ता संस्थेचा, तिथे आता मी राहत नाही, रेशनकार्ड नाही, भाडेकराराला पुरावा मागतात आणि पुराव्याला भाडेकरार. कलम ३९ प्रमाणे प्रत्येक मुलाचा वेगळा काळजी आराखडा असतो, त्यात हे कागद चौदा पंधराव्या वर्षापासूनच गोळा करायला सुरुवात झाली पाहिजे, आणि मुलाचा वकील असेल तर तो तारखेला विचारेल की साहेब ह्याचा जन्मदाखला अजून का नाही. फॉस्टर घरातल्या मुलांनाही हेच सगळं लागतं, उलट त्यांच्याबद्दल लोक गृहीत धरतात की आहेत की घरचे, करतील. काही करतात. काहींचे चार हजार बंद झाले की प्रेमही हळूहळू आटतं, ते पण बघितलंय.

तर मागणं असं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मुलांसाठी वकिलांचं छोटं वेगळं पॅनल करावं, आणि ज्या ज्या केसमध्ये मुलाला घरापासून वेगळं करायचंय, फॉस्टरला द्यायचंय किंवा फॉस्टरमधून परत काढायचंय, तिथे मुलाने न मागता वकील द्यावा. कलेक्टर साहेबांनी बाल संरक्षण कक्षाला सांगून संस्थेत आणि फॉस्टरमध्ये वाढलेल्या तरुणांचा गट करावा, मुली पण पाहिजेत त्यात, निम्म्या तरी, आणि तालुक्याचे पण पाहिजेत, सगळे शहरातले नकोत. ऑर्डरची एक प्रत दहा वर्षांवरच्या मुलाच्या हातात द्यावी, सोप्या मराठीत एक पान जोडून, की हे ठरलंय, हे तुला पटलं नाही तर तीस दिवसांत इथे जायचं, हा तुझ्या वकिलाचा नंबर. लॉ कॉलेजांच्या लीगल एड सेलच्या पोरांना हे एक पान लिहायला द्या, एका आठवड्यात लिहून देतील. ह्यातल्या कशालाही नवीन कायदा लागत नाही. मुंबईला फाईल पाठवायची पण गरज नाही असं माझा मित्र म्हणतो, आणि त्याने हे तीनदा वाचलंय.

फॉस्टर पालक वाचत असतील तर त्यांनी राग मानू नये. मुलाचा वकील हा तुमच्या विरुद्धचा वकील नाही. उद्या एखाद्या मुलाचा काका अचानक उगवला आणि न्यायला आला, आणि मुलाला तुमच्याकडेच राहायचंय, तर तुमचं ऐकायच्या आधी त्याचं ऐकलं जाईल आणि ते तोच वकील मांडेल.

माझं नाव छापू नका प्लीज, नाव पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिलाय. मला लाज नाही, पण घरमालकाला माहिती नाही आणि लग्नाचं बघणं चालू आहे, आणि संस्थेतला म्हटलं की लोक आधी चारित्र्याचा दाखला मागतात. नाशिकमधल्या ज्या वकिलांना हे काम करावंसं वाटतंय किंवा जे ताईदादा संस्थेतून, फॉस्टरमधून बाहेर पडलेत आणि ह्या गटात यायला तयार आहेत त्यांनी पेपरच्या ऑफिसात माझ्या नावे चिठ्ठी ठेवली तरी चालेल, पहिली भेट कोर्टासमोरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर घेऊ. माझी फर्स्ट शिफ्ट असली की मी साडेतीननंतर मोकळा असतो.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक